तायडे सर आणि बिब्याचं यंत्र

तायडे सरांना आकडा विचारला की आकडा मिळत नसे, प्रश्न मिळत असे. तुमचं यंत्र तासाला किती किलो बिबे फोडतं, असं कोणी विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि शांतपणे म्हणत, "कोनाच्या हातानं?"

विचारणारा गोंधळून माझ्याकडे बघे. मी खाली बघे.

मी अकोल्याला विद्यापीठात प्रशासनाकडे होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे जो विभाग होता, त्याचं काम एकच होतं. प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत जे तयार केलं ते करार करून बाहेरच्या कारखानदाराला द्यायचं, त्यानं ते बनवायचं आणि लोकांनी विकत घेऊन वापरायचं. हे वाक्य एका दमात म्हणता येतं. प्रत्यक्षात त्या वाक्याच्या मधोमध तायडे सर मांडी घालून बसलेले असत.

बिबा ज्यांनी फक्त लहान मुलाच्या गळ्यात, दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बिब्याच्या काळ्या कवचात तेल असतं आणि ते तेल अंगावर उडालं की कातडी भाजते. आम्ही त्याला बिबा उतला म्हणतो. त्या कवचाच्या आत गोडंबी असते. ती लाडवात घालतात, मसाल्यात घालतात, सुक्या मेव्याच्या दुकानात चांगल्या भावानं विकतात. हे कवच फोडायचं काम अकोल्याजवळच्या पातूरकडच्या आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या बाया घरीच करतात. खाली एक दगड, हातात एक दगड, शेजारी राखेचा ढीग. तेल राखेनं टिपायचं आणि पुढचा बिबा घ्यायचा. हंगामात त्या बायांचे हात मनगटापर्यंत काळे असतात. कोणाचा डोळा सुजलेला, कोणाच्या गालावर फोड. गोडंबी मात्र अख्खी निघाली पाहिजे, कारण तुकड्यांना निम्माही भाव येत नाही.

तायडे सरांनी यासाठी हातानं चालवायचं एक यंत्र केलं होतं. खाचेत बिबा ठेवायचा, झाकण पाडायचं, दांडा दाबायचा. कवच फुटतं, तेल झाकणाच्या आत राहून खालच्या राखेच्या तबकात पडतं, गोडंबी पुढे सरकते. मी ते पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान एक तरी फाईल लवकर बंद होईल.

ती फाईल बंद होईपर्यंत माझे केस गेले.

सर अंगानं बारीक होते. अर्ध्या बाह्यांचा फिका सदरा घालत. खिशात चष्म्याचं घर असे, पण चष्मा कायम कपाळावर किंवा नाकावर, त्या घरात कधीच नाही. त्यात मापं घ्यायचा व्हर्नियर असे. भेटलेल्या कोणत्याही वस्तूची जाडी ते काढून बघत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वागताच्या पेढ्याची बघितली होती. मी नको म्हणालो तर म्हणाले, "खाल्ल्यावर कशी पाहू?"

दाल मिलवर, संत्र्यावर, सोयाबीनवर काम करणारे त्यांचे सहकारी परदेशात जाऊन आले. सर पातूरला जाऊन आले. तुम्ही बिबाच कसा काय धरलात, असं मी एकदा विचारलं होतं. मला काही मोठी गोष्ट ऐकायला मिळेल असं वाटलं होतं.

"दायीवर, संत्र्यावर बाकी सगळे काम करून राहिले ना," ते म्हणाले. "गर्दी कायले करायची?"

त्यांच्या प्रयोगशाळेत खुर्च्या होत्या, पण त्या भिंतीला लावलेल्या असत. मधे सतरंजी. यंत्राबद्दल जे काही बोलायचं ते सतरंजीवर. "बाया खाली बसून चालवनार. मंग आपन त्याच्याबद्दल खुर्चीवर बसून काहून बोलायचं?" हे त्यांचं म्हणणं. म्हणून आमचे विभागप्रमुख गुडघ्याचा पट्टा घालून सतरंजीवर बसत आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेत. मी उठताना भिंतीचा आधार घेई. सर कशाचाही आधार न घेता उठत, आणि आमच्याकडे असं बघत की जणू आम्ही नापास झालो.

ते आमच्याच कॉलनीत राहत, दोन घरं सोडून. शेजारी म्हणून माणूस सोन्यासारखा. रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिले हजर. पण त्यांच्या हातात दुरुस्तीला काही द्यायचं नाही, हे कॉलनीतल्या प्रत्येक घराला एकदा अनुभव घेऊनच कळलेलं होतं. आमचा अनुभव फाटकाच्या कडीचा.

आमच्या फाटकाची कडी वाऱ्यानं वाजायची. सरांनी जाता-येता ऐकलं आणि एका रविवारी ते पाना घेऊन आले. तासाभरात त्यांनी अशी कडी बसवली की वाजणं बंद. फक्त ती उघडताना आधी वर उचलून मग डावीकडे वळवावी लागे. दूधवाल्याला ते जमेना, तो पिशवी फाटकावर टांगून जाऊ लागला आणि मांजर दूध पिऊ लागलं. बायकोनं सरांना सांगितलं. सरांना राग आला नाही. आनंद झाला. कोणी तक्रार केली की त्यांचा चेहरा उजळत असे. पुढच्या रविवारी कडी बदलली. आता दूधवाल्याला उघडू लागली, पण गाईलाही उघडू लागली. तिनं बायकोचे दोन गुलाब खाल्ले. तिसऱ्या रविवारी सर पाना घेऊन दिसताच बायको फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, राहू द्या. मले आता तिची सवय झाली."

"वहिनी, गाय येऊन राहिली ना पन?"

"येऊ द्या. गाईची बी सवय झाली."

सर म्हणाले, "सवय झाली म्हंजे वस्तू चांगली हाय असं नसते." आणि परत गेले. बायको मला म्हणाली, "हा मानूस यंत्र बाजारात कवा आननार?" तेच तर माझं काम होतं.

त्या यंत्रासाठी पहिली मोठी विचारणा नागपूरच्या एका कंपनीकडून आली. शेतीची अवजारं करणारे लोक होते, भांडवल होतं, विक्रेते होते. मी सगळी कागदपत्रं तयार ठेवली. त्यांची दोन माणसं आली, इस्त्रीच्या पँटी घालून. सतरंजी बघून एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, पण बसले. सरांनी यंत्र दाखवलं. दोघंही खूश झाले. मग त्यांच्यातल्या मोठ्यानं वही काढली आणि विचारलं, "सर, क्षमता किती धरायची? तासाला किती किलो?"

मी मनातल्या मनात म्हणालो, आज नको.

"कोनाच्या हातानं?" सर म्हणाले.

"म्हणजे, साधारण."

"साधारन बाई मी पाह्यली नाई अजून. जवान बाई असन तं चार किलो. पोरगं मांडीवर असन तं तीन. डावखुरी असन तं अजून कमी, कारन दांडा उजवीकडे हाय. ते आता दोन्हीकडे कराचा हाय. म्हातारी असन तं दोन."

"सर, पण माहितीपत्रकावर एकच आकडा छापावा लागेल."

"मंग बाईचं नाव बी छापा."

पाहुणे हसले. सर हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केला नव्हता. मी मधे पडलो. म्हणालो, आपण सरासरी काढू. आकड्यांचं काम मी आयुष्यभर केलं आहे, सरासरीवर माझा विश्वास आहे. सर माझ्याकडे वळले. "धोटेसाहेब, सरासरी कोनती बाई हाय? तिच्या घरी नेता का मले?"

कंपनीचा माणूस समजूतदार होता. त्यानं सुचवलं की मोटर लावू, म्हणजे हाताचा प्रश्नच उरणार नाही. सरांनी शांतपणे विचारलं, की मोटर लावली तर यंत्र शेडमधे जाईल, शेड मालकाची असेल, मग या बाया बिबे फोडतील की मालकाकडे रोजंदारीवर जातील? त्या माणसानं वही मिटली. ते पुन्हा आले नाहीत. मी सरांशी चार दिवस बोललो नाही. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. ते यंत्राला दोन्हीकडे दांडा बसवण्यात गुंतले होते.

खरं सांगायचं तर त्यांचं प्रत्येक कारण बरोबर असे. त्रास होता तो हाच. माणूस चूक असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

नंतर मी अमरावतीचे सलीमभाई गाठले. माझं गाव अमरावती, त्यामुळे त्यांच्या वर्कशॉपचं नाव मला लहानपणापासून माहीत. वडील वखराच्या पासा, म्हणजे लोखंडी पाती, करायचे, सलीमभाई पेरणीयंत्रं करतात. काम पक्कं, बोलणं रोखठोक. ते यंत्र बघायला अकोल्याला आले, न सांगता सतरंजीवर बसले, दोन बिबे स्वतः फोडले आणि म्हणाले, "करतो. पन एक गोष्ट. एकदा साचा बनला का मंग बदल नाई."

"बदल कायले?" सर म्हणाले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांचंही तसंच मत होतं.

सलीमभाईंनी साचे बनवले. सरांची पद्धत अशी होती की नव्या नमुन्याचं यंत्र आधी पातूरला कमलाबाईंच्या अंगणात नेऊन ठेवायचं. कमलाबाई त्या वस्तीतल्या बायांच्या पुढारी. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, आणि तक्रारी सांगण्यात कसर न ठेवणाऱ्या. सर त्यांच्यासमोर बसून विचारत, काय अडतं, काय टोचतं, काय जड जातं. तिथं कोणाची तरी बांगडी झाकणात अडकली. सरांनी यंत्र उचललं, माझ्या गाडीत मागच्या सीटवर त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं, आणि झाकणाची कड बदलली. साचा गेला. पुढच्या वेळी तबक खोल करायला हवं होतं, कारण राख सांडत होती. साचा गेला. मग दांड्याची लांबी.

तिसऱ्या वेळी आम्ही अमरावतीला गेलो तेव्हा सलीमभाईंनी आम्हाला आत नेलं नाही. वर्कशॉपच्या दारातच, भंगाराच्या ढिगाजवळ उभं केलं. त्यात तिन्ही साचे ओळीनं मांडले होते.

"पाहा सर. हे तुमचे लेकरं."

सरांनी खाली वाकून पहिला साचा उचलला. व्हर्नियर बाहेर काढला. "सलीमभाई, इथं तुमी अर्धा मिलीमीटर जास्त घेतला होता."

सलीमभाई माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "धोटेसाहेब, मी या मानसाले अस्सल विद्वान मानतो. माह्या वालिदनंतर लोखंडाची एवढी समज मी दुसऱ्या कोनात पाह्यली नाई. पन मले बाकीचं बी काम हाय. या हंगामाच्या आधी मले एक यंत्र द्या, ज्याले हे पुन्हा हात लावनार नाईत. नाई तं सलाम."

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा मी सरांना सरळ सांगितलं. तुम्ही या वर्षी निवृत्त होता आहात. तुम्ही गेल्यावर हे यंत्र कपाटात जाईल. तुमच्या खोलीत दुसरे प्राध्यापक येतील, त्यांना बिब्याशी घेणंदेणं नाही. सलीमभाई गेले तर दुसरा कारखानदार मी आणू शकत नाही. आणि कमलाबाई दगडानंच फोडत राहतील.

सर कपातल्या चहाकडे बघत होते. म्हणाले, "अपुरं यंत्र दिलं अन् कोनाच्या डोयात तेल गेलं तं?"

"अन् नाई दिलं तं? आता काय जाऊन राहिलं त्यायच्या डोयात?"

चिडलो की मीही वऱ्हाडीत बोलतो. उरलेल्या प्रवासात सरांनी गाडीच्या दाराच्या कडीकडे पाहिलं नाही. मी तो शुभशकुन मानला.

हंगाम सुरू व्हायच्या बेताला चौथा नमुना कमलाबाईंच्या अंगणात होता. तो चांगला चालत होता असा निरोप आला होता. मी लगेच सलीमभाईंना कळवलं. त्यांनी गाडी घेऊन यायचं, यंत्र न्यायचं आणि त्यावरून साचे करायचे असं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी सर फाटकाशी आले. हातात एक लहानशी कानस होती.

"धोटेसाहेब, यंदा बिबे लहान आले. खाच जरा उथळ करा लागते. तिथून यंत्र आधी अकोल्याले आनू. आठ दिवस."

मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसलो. बायकोनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी पुन्हा उठलो, कारण सलीमभाई अमरावतीहून निघाले होते.

पातूरला पोचलो तेव्हा सलीमभाईही नुकतेच आले होते. अंगणात दगडांची ठकठक चालू होती, पण नेहमीपेक्षा कमी. यंत्र खिडकीखाली होतं. त्याच्या पायातून साखळी ओवून ती खिडकीच्या गजाला बांधली होती आणि वर हे एवढं कुलूप. कमलाबाई यंत्रापुढे बसून बिबे फोडत होत्या. त्यांनी मान वर केली, नमस्कार केला आणि पुन्हा दांडा दाबला.

"कमलाबाई, मशीन न्यायची होती," सर म्हणाले.

"कोनती?"

"हेच."

"हे नाई नेता येत सर. कुलूप लागलं हाय."

"मंग उघडा."

"किल्ली सासूपाशी हाय. अन् सासू गेली कौंडण्यपूरले."

सरांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथं एक वाळकी म्हातारी राखेत हात घालून बसली होती. "मंग ह्या कोन?"

"ह्या बी सासूच. चुलत."

चुलत सासूनं सरांकडे पाहून गोड हसून मान डोलावली. मी आणि सलीमभाईंनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

सर खाली बसले. "कमलाबाई, आठ दिवसांत आनून देतो. यंदा बिबे लहान हायेत. खाच उथळ केली का अजून चांगली चालन."

कमलाबाईंनी दांडा सोडला. "सर, मांगच्या टायमाले बी आठ दिवसच म्हनले होते. दिवाईले नेली, उन्हाया सरला तरी आली नाई. आमी दगडानंच फोडले. हे पाहा." त्यांनी मानेवरचा पदर बाजूला केला. कानाखाली जुना, गडद डाग होता. "तुमी मशीन न्या, तुमी चांगली करा, तुमचं काम चांगलंच हाय. पन तुमची चांगली होतपरेंत आमची चामडी जाते. लहान बिबा आला का मी दगडानं फोडतो. बाकीचे याच्यावर फोडतो. मले चालते."

"पन ते बरोबर नाई."

"बरोबर नसन. पन न्यायची नाई."

मागच्या बायांनी दगड खाली ठेवले होते. सर त्या कुलपाकडे बघत राहिले. प्रयोगशाळेत, विद्यापीठात, कंपन्यांच्या बैठकीत त्यांना नाही म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांच्याशी वाद घालत सगळे, पण शेवटी वस्तू त्यांच्याच हातात राहत असे. आज वस्तू खिडकीच्या गजाला बांधलेली होती.

तेवढ्यात माझ्या मागे टेपचा आवाज झाला. सलीमभाई यंत्राच्या दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले होते आणि मापं घेऊन आपल्या गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते.

"सलीमभाई, हे कायची मापं घेऊन राहिले?" सर म्हणाले. "खाच बदलायची हाय ना याची."

"बदलाले ते तुमच्या हातात पाह्यजे ना सर," सलीमभाई टेप न सोडता म्हणाले. "ते तं कुलपात हाय."

सर उठले. अंगणात एक चक्कर मारली. पुन्हा येऊन बसले. मग त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि सलीमभाईंपुढे धरला. "टेपनं खाचेचं माप बरोबर येत नाई. हे घ्या." एवढंच. मला वाटतं, तायडे सरांचं यंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडलं ते त्या क्षणी, आणि माझ्या विभागाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

अर्थात इतक्यात माझी सुटका होणार नव्हती. करारासोबत चाचणीचा अहवाल लागतो, त्यावर क्षमतेचा आकडा लागतो आणि आकड्याखाली सरांची सही लागते. मी तिथंच विषय काढला. सर अंगणातल्या बायांवरून नजर फिरवू लागले. मी कमलाबाईंकडे बोट दाखवलं. त्या चालवताना मी पाहिलं होतं, हात विजेसारखा चालत होता. सरांनी चुलत सासूला बोलावलं.

म्हातारी यंत्रापुढे बसली. तिच्या हाताला कंप होता. एक बिबा ठेवायची, झाकण पाडायची, दांडा दाबायची, गोडंबी उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघायची, अख्खी आहे म्हणून खात्री करायची आणि मग दुसरा बिबा शोधायची. मधेच पानही खायची. मी घड्याळाकडे बघत होतो. शेवटी वजन केलं तेव्हा जो आकडा निघाला तो नागपूरच्या कंपनीपुढे सांगितला असता तर तिथल्या शिपायानंही हसून दार दाखवलं असतं.

"हे छापा," सर म्हणाले.

"सर, या आकड्यावर कोण यंत्र विकत घेईल?"

"मी यापेक्षा मोठ्या आकड्याखाली सही करनार नाई. यापेक्षा कमी कोनाचंच भरनार नाई, एवढं मी सांगू शकतो."

मी सलीमभाईंकडे हात जोडूनच पाहिलं. त्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "चालन. मोठा आकडा छापला का गिऱ्हाईक घरी जाऊन घड्याळ लावते अन् मंग माह्या दारात येऊन भांडते. छोटा छापला का कोनी घड्याळच लावत नाई."

सरासरीवरचा माझा विश्वास अजून आहे. पण त्या दिवशी माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. सर निवृत्त होण्याच्या आधी करारावर सह्या झाल्या. निरोपसमारंभात विभागप्रमुखांनी त्यांना शाल-नारळ दिलं आणि खुर्च्यांऐवजी सतरंजी घातली असती तर बरं झालं असतं, असं सरांनी भाषणात सांगितलं. ते भाषण तेवढंच होतं.

मी त्यांना कामाच्या निमित्तानं शेवटचं पाहिलं ते पुढच्या हंगामात. सलीमभाईंची पहिली खेप पातूरला गेली होती. सर रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन, पातूरला कधी जायचं, असं विचारत. मी टाळत होतो. शेवटी एका सकाळी नेलं.

कमलाबाईंच्या अंगणात आता यंत्रांची ओळ होती. लोखंडी, हिरवा रंग दिलेली, सलीमभाईंचं नाव कोरलेली. कुलूप कशालाच नव्हतं. बाया बसून फोडत होत्या, बोलत होत्या, एक आपल्या लेकराला मांडीवर घेऊन भरवत होती. कमलाबाईंनी आपल्या यंत्राच्या दांड्याला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली होती. सरांना ती लगेच दिसली. ते पुढे झाले.

"सर, हात नोका लावू," कमलाबाई म्हणाल्या.

"फक्त पाहून राहिलो."

"पाहा ना. हात मांगं ठेवा अन् पाहा."

सरांनी दोन्ही हात मागे बांधले. वाकून पाहिलं. "दांडा टोचते का? म्हनून चिंधी लावली?"

"थंडीत लोखंड गार लागते म्हनून लावली."

"झाकन अडते?"

"नाई."

"राख सांडते?"

"नाई सांडत."

"लहान बिबा?"

"त्याले दगड हाय. चा घ्या."

सर ओट्यावर बसले. एवढे हताश मी त्यांना साचे भंगारात गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. कमलाबाई कप घेऊन आल्या. सरांनी कप घेतला नाही. "हात दाखवा," म्हणाले.

कमलाबाईंनी कप ओट्यावर ठेवले आणि दोन्ही हात पुढे धरले. सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. उन्हाकडे वळायला सांगितलं. पंजे पाहिले, पालथे करून पाहिले, मनगटं पाहिली. जुने डाग होते, ते जायचे नाहीत. नवीन फोड एकही नव्हता. शेजारच्या बाया दांडे दाबायच्या थांबल्या होत्या.

मग सरांनी डाव्या अंगठ्याकडे बोट केलं. "हे काय?"

"कांदे चिरतानी कापलं सर," कमलाबाई म्हणाल्या. "आता त्याची बी मशीन करता काय?"

सगळ्या बाया हसल्या. चुलत सासूही हसली. सरांनी अंगठा नीट पाहिला.

"विळी कोनती हाय तुमची?" ते म्हणाले. "आना बरं."

मी चहा तसाच ठेवून गाडीची किल्ली शोधू लागलो.